धारतर्फे आयजीआय

रविवार, १० ऑगस्ट २०२५

आजपासून रोजनिशी. महिनाअखेर जे घडणार आहे त्याची कुठेतरी नोंद राहिली पाहिजे.

झालं असं. दरवर्षी गणपतीत धार आणि देवासच्या मराठी मंडळांचा वादविवाद होतो. जोडीने बोलायचं, घरातला एक मोठा आणि एक लहान. मागच्या वर्षी विषय होता 'संस्कार'. ऐकायला फक्त बोलणारेच होते. म्हणून यंदा देवासवाल्यांनी तरुणांचा विषय काढला. फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे ज्यात स्क्रीनवर आपली नुसती बंदूक दिसते आणि समोर शत्रू, अशा गेम्सवर सर्वात जास्त प्रभाव कुठल्या गेमचा? आमचे अध्यक्ष उदाजीराव आधी बिथरले. गणपतीपुढे बंदुका? मग त्यांनी विचारलं की धारमध्ये यातलं कोणाला कळतं. मी हात वर केला. दुसऱ्या कोणी केला नाही, यावरून काय ते समजावं.

जोडीदार मनन. आमचे चिरंजीव, अकरावीत. पुढच्या वर्षी कोचिंगसाठी इंदूरला जाईल, मग कुठला हाताला लागतोय. हल्ली माझ्याशी त्याचं बोलणं म्हणजे चार्जर कुठाय. या निमित्ताने बाप काय चीज आहे ते त्याला कळेल. मला तेवढंच हवंय. कप मिळाला तर उत्तमच.

सोमवार, ११ ऑगस्ट, पीथमपूरच्या कारखान्याच्या शिफ्ट-बसमध्ये

गेम ठरला. आयजीआय. सन दोन हजार. एकटा माणूस, शत्रूचा तळ, तारेचं कुंपण. यावर वाद होऊच शकत नाही. आमच्या वेळी धारच्या सायबर कॅफेत प्रत्येक कॉम्प्युटरवर हाच गेम होता. प्रत्येक! याहून मोठा प्रभाव कसा असतो?

तिथे मला उस्ताद म्हणायचे. मी स्वतः क्वचित बसायचो. मागे उभा राहून सूचना द्यायचो. बसणाऱ्याला फक्त समोरचं दिसतं, मागच्याला सगळं दिसतं.

शेजारी माधव होता, पर्चेसमधला. त्याला हे सांगितलं. म्हणाला, भिया, बाकी कौनसे खेले आपने? म्हटलं, गरजच पडली नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

मननला निर्णय कळवला. त्याचं म्हणणं, डूम घेऊ या, १९९३ चा. मी विचारलं, धारमध्ये कोणी खेळलाय का तो? तर म्हणे, बाबा, विषय धारमध्ये काय गाजलं हा नाहीये. मुलगा हुशार आहे, अनुभव कमी. विषय तिथेच बंद केला.

त्याने लॅपटॉपवर जुने गेम टाकलेत, आयजीआयसुद्धा. म्हणाला, तुम्ही एक मिशन खेळून दाखवा ना, मी बघतो. फार बरं वाटलं. पण आज पाठ आखडली आहे. उद्या नक्की.

गुरुवार, १४ ऑगस्ट

माउस घसरतो. अशा माउसवर खेळलो तर पोराला चुकीच्या सवयी लागतील. नवा आणणे.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुटी. माउस आणला. मननने माझ्यासाठी शेजारी खुर्ची ओढून ठेवली होती. पण या नव्या चष्म्यातून स्क्रीन डोलते, आणि भाषणही लिहायचं होतं. त्याला सांगितलं, तू खेळ, मी आतून लक्ष ठेवतो. खुर्ची रिकामी बघून कोमल (सौ.) गवार मोडायला तिथेच बसली. असू दे. पोराला सोबत.

मंगळवार, १९ ऑगस्ट

भाषण रंगतंय. थेट विषयावर उडी मारणं हे उथळ माणसाचं लक्षण. मी माणसाने पहिला नेम कधी धरला तिथपासून घेतोय. दगड, मग गोफण, मग धनुष्य. मग धारच्या पवारांचं घोडदळ, कारण श्रोते आपलेच. मग तोफ. मग आयजीआय. देवासवाल्यांचा निम्मा अभिमान तोफेलाच गळून पडेल.

निश्चय: १. रोज आरशासमोर सराव. २. मननला रोज वेळ देणे. ३. गोड बंद, आवाजासाठी.

बुधवार, २० ऑगस्ट

मोदकाची ट्रायल होती घरी. त्याला गोड म्हणता येणार नाही, तो प्रसाद. सराव उद्यापासून.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, संध्याकाळ

आतल्या खोलीत घोडदळ लिहीत होतो. बाहेरून दोघांचा आवाज. कोमल विचारत होती, या डूममध्ये मान वर का करता येत नाही? मनन सांगत होता. मग तिने विचारलं, मग लोकांना एवढं आवडलं काय त्यात? तो पुन्हा सांगत होता. मग म्हणाला, थांब आई, हे मला नीट माहीत नाही, बघून सांगतो. एवढं तो माझ्याशी वर्षभरात बोललेला नाही. जरा लागलं.

मग लक्षात आलं की ही वादविवादाचीच तयारी आहे, आणि त्याला वादविवादात मीच घातलंय. शांत वाटलं. घोडदळ पुढे नेलं.

रविवार, २४ ऑगस्ट

मननचं भाषण मीच लिहून दिलं. छोटंसं. 'मी माझ्या वडिलांशी पूर्णपणे सहमत आहे,' आणि उरलेल्या वेळात माझ्याच मुद्द्यांची उजळणी. हिंदी मीडियममुळे मराठी वाचताना अडखळतो, म्हणून सोपं ठेवलं. त्याने वाचलं, घडी केली. म्हणाला, मी माझं बोलतो ना, बाबा. त्याला समजावलं की स्टेज म्हणजे खेळ नव्हे.

जाता जाता विचारलं त्याने, आज तरी खेळता का पहिलं मिशन? सांगितलं, स्पर्धेआधी हात थकवत नसतात. पुन्हा विचारलं नाही त्याने. समजूतदार आहे.

सोमवार, २५ ऑगस्ट, पहाटे

घर झोपेत. गुपचूप आयजीआय लावला, नुसती उजळणी म्हणून. कुंपणापाशी मेलो. परत कुंपणापाशी मेलो. या गेममध्ये मधे कुठे सेव्ह होत नाही, मेलं की पहिल्यापासून. एकदा कुंपणाच्या आत गेलो, भोंगा वाजला, घाईत लॅपटॉपच मिटवला. टॉवरवरचा माणूस पूर्वी एवढा सावध नव्हता. ही काहीतरी नवी आवृत्ती असणार.

शनिवार, ३० ऑगस्ट, देवासहून परतताना, गाडीत

कप धारला! हे आधी लिहून ठेवतो.

आता क्रमाने. देवासचा हॉल भरलेला. लहान मुलं चक्क पुढे बसलेली. पहिला मी. प्रत्येकाला पाच मिनिटं. दगडाने सुरुवात केली, गोफणीला लोक गंभीर झाले. घोडदळात असताना घंटा वाजली. मला वाटलं आरतीची तयारी चाललीय. तोफ आणली आणि दुसरी घंटा वाजली. परीक्षक बाई म्हणाल्या, छान, बसा. आयजीआय राहिला. खरं म्हणजे व्हिडिओ गेम हा शब्दच राहिला. पण पाया रचला होता.

मग देवासकडून उर्वी नावाची कॉलेजातली मुलगी, हाफ-लाइफ या गेमच्या बाजूने. त्याआधी सगळे नुसते गोळ्या झाडायचे, म्हणाली, यात गोष्ट आपल्याभोवती घडते आणि खेळणाऱ्याचे हात कोणी बांधत नाही. काउंटर-स्ट्राइक हा गाजलेला गेमसुद्धा त्याच्याच पोटातून आला. टाळ्या. तिचे वडीलही थोडक्यात तेच बोलले. उदाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जणू हे सगळं अपेक्षितच होतं.

मग मनन उठला. मी दिलेला कागद खिशातच. म्हणाला, डूम. एक वर्ष आधी वुल्फेनस्टाइन हा गेम आला होता हे मान्य. पण डूमने लोकांना आपापले नकाशे बनवू दिले, एकमेकांविरुद्ध खेळू दिलं, आणि नंतर कितीतरी वर्षं या प्रकारच्या प्रत्येक गेमला डूमची नक्कलच म्हणायचे. हाफ-लाइफचं इंजिनही, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो सांगाडा, डूमवाल्यांच्याच क्वेक या गेममधून आलंय. एकदा 'आपण'ऐवजी हिंदीतलं 'अपन' म्हणाला, लोक हसले, तोही हसला आणि पुढे बोलत राहिला. उर्वी स्वतः टाळ्या वाजवत होती. मी माझं पोर पहिल्यांदाच पाहिल्यासारखं बघत होतो.

उत्कृष्ट वक्ता मनन. सूत्रसंचालकाने माइकवर विचारलं, बेटा, तयारी कोणी करून घेतली? मी उठलो. शर्ट खाली ओढला. पाऊलही टाकलं.

मनन म्हणाला, आईने. रोज बसायची माझ्याजवळ. का, का, असं विचारत राहायची. मला शोधावंच लागायचं.

कोमल पदराआड लाल झाली. मी उभाच होतो. सगळ्यांच्या मधोमध. मग पंख्याचं बटण शोधतोय असं दाखवत भिंतीपर्यंत गेलो. भिंतीवर बटण नव्हतं.

आत्ता पुढच्या सीटवर मी, मागे ती दोघं. कप त्यांच्याकडे आहे.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल गौरी गेल्या. घर रिकामं वाटतंय. चार दिवस काही लिहिलं नाही. वाईट वाटत होतं. कपाचं नाही. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती आणि मी बसलो नाही, त्याचं.

संध्याकाळी स्वतःच स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन बाहेर गेलो. म्हटलं, आयजीआय लाव. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मननने आपली खुर्ची मला दिली. पाठ दुखत होती, चष्म्यातून स्क्रीन डोलत होती, तरी बसलो. कुंपणापाशी कोमल म्हणाली, डावीकडून जा, उजवीकडे टॉवरवाला आहे. उस्तादाला सूचना! मी उजवीकडून गेलो.

मनन हसला नाही. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उठा बाबा, आता आईची पाळी.