जर-तरची राहिलेली वाट

गुरुजी, तुम्ही गेलात त्या वयाच्या मी कधीच पुढे निघून आलो आहे, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की अजून उभं राहावंसं वाटतं. आपल्या बुऱ्हाणपूरच्या शाळेत गणित आणि मराठी दोन्ही तुमच्याकडे होतं. कविता शिकवताना तुम्ही मध्येच थांबून प्रश्न टाकायचात आणि उत्तराप्रमाणे आम्हाला वर्गात उभं करायचात. गेलेला माणूस परत येईल का? हो म्हणणारे दाराशी, नाही म्हणणारे खिडकीशी, आणि ज्यांना ठरवता येत नाही ते मधे. मी नेहमी मधे. दारातले चिडवायचे, "ए, लटकलेल्या!" तुम्ही म्हणायचात, "हसू नका रे. खरं, खोटं आणि अनिर्णीत. कवितेला तिसरं उत्तर चालतं, तर गणिताला का नको?" त्या एका प्रश्नावर माझी सगळी नोकरी उभी राहिली.

पुढे गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, देश बाहेरच्या जगाशी जोडला जातोय असं जो तो म्हणू लागला, तेव्हा मी शहरातल्या संस्थेत बसून या तीन उत्तरांच्या तर्कशास्त्रातली विधानं आपोआप सिद्ध करणारा प्रोग्राम लिहिला. रीत तुमचीच होती. विधान खरं नाही, म्हणजे खोटं किंवा अनिर्णीत आहे, असं धरायचं, त्यातून फुटणारी प्रत्येक वाट चालत जायची आणि सगळ्या वाटा विसंगतीवर आपटल्या तर विधान सिद्ध. शाळेनं माझा सत्कार ठेवला. मी यंत्र मांडून बसलोय, समोर मास्तर मंडळी, मुलं, आणि तुम्ही खिशातून घडी घातलेला कागद काढताय. त्यावर एक लांबलचक जर-तरचं विधान. "हे सिद्ध होत नाही. मी हातानं करून पाहिलंय." मी विधान यंत्राला दिलं. पडद्यावर लगेच आलं, सिद्ध. टाळ्या पडल्या. तुम्ही चष्मा वर करून वाकलात. "त्याला सगळ्या वाटा बराबर शिकवल्यास ना रे? एखादी बकरीनं तर नाही खाल्ली?" सगळे हसले, आणि त्या हसण्यावर स्वार होऊन मी म्हणालो, "गुरुजी, हातानं वाटा चालायचे दिवस गेले. तुम्ही आपली मावा जिलेबी घ्या." मग सगळे पुन्हा हसले, या वेळी तुम्हाला. तुम्ही कागदाची घडी घातलीत आणि खरंच जिलेबी घेतलीत.

महिन्याभरात चूक सापडली. जर-तर अनिर्णीत असण्याच्या वाटा दोन. 'जर'चा भाग खरा आणि 'तर'चा अनिर्णीत, ही मी लिहिली होती. 'जर'चा अनिर्णीत आणि 'तर'चा खोटा, ही लिहायचीच राहिली होती. तुमचं विधान नेमकं त्याच वाटेवर पडत होतं. मी ती वाट घातली, प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि त्यानं तुम्ही म्हणालात तेच म्हटलं. प्रोग्रामवरच्या शोधनिबंधात मी छापलं, 'चाचणीत एक त्रुटी आढळली.' कोणाला आढळली, ते नाही. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी ठरवलं, समक्ष सांगू. दिवाळीत गावी आलो, राजपुऱ्यात तुमच्या घराच्या ओसरीवर बसलो, आपण दोघंच. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतंय तुझं यंत्र?" मी म्हणालो, "ठीक चाललंय." तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत, मग नदीच्या पाण्याबद्दल बोलू लागलात. उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक पत्ता आहे, म्हणून तर लाज वाटते. तुमची मुलगी अजून त्याच घरात राहते. गेल्या आठवड्यात बाजारात भेटली, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि एकदम हात जोडून म्हणाली, "दादा, बाबांनी तुमच्या सत्काराच्या दिवशी फालतूची बहस केली होती. मनात नका ठेवू हो." गुरुजी, तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "छे गं, त्यात काय. वय झालं होतं त्यांचं."