टिल्डाचे शेवटचे केस

वेस्टबी, विस्कॉन्सिन
२३ जानेवारी १९९४

प्रिय आर्डिस आत्या,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. ॲरिझोनात तुझे गुडघे बरे आहेत आणि तू दारात खुर्ची टाकून संत्री खातेस हे वाचून बरं वाटलं. इथे पारा शून्याखाली वीस आहे. पंपावर गरम पाणी ओतल्याशिवाय तो थेंब देत नाही. माझी तब्येत ठीक.

सगळं तुझ्या वहीप्रमाणे चाललंय. तबेल्यातले दिवे पहाटे पाचला लावतो, रात्री नऊला मालवतो. पाचही छोट्या घोड्यांना वाटतंय की वसंत आला, आणि त्यांनी हिवाळ्याचे केस टाकायला सुरुवात केली आहे. बाहेर बर्फ कमरेएवढा आहे. माझ्या कमरेएवढा. घोडे त्यात उतरले तर कानच दिसतील. केस गेले म्हणून थंडी वाजते, थंडी वाजते म्हणून एकेकावर दोन-दोन झुली. म्हणजे आपण त्यांना आधी फसवायचं आणि मग पांघरूण घालायचं. मान सडपातळ व्हावी म्हणून घामाचे पट्टे बांधलेत, त्यामुळे सगळ्यांना एकदम गालगुंड झाल्यासारखं दिसतं.

टिल्डाला रोज रस्त्यावर पळवतो. म्हणजे मी पळतो, ती चालते. परवा दुधाच्या टँकरवाल्याने काच खाली करून विचारलं, कुत्रा भुंकतो का. मी सांगितलं की ही नोंदणी झालेली घोडी आहे. तो म्हणाला, मग राखणीला काही उपयोगाची नाही.

तू मागितलेला फोटो सोबत आहे. त्याआधी तिला केस भादरायच्या यंत्राने जरा नीटनेटकी केली. थंडी होती म्हणून झूल तशीच ठेवली.

उंचीचं विचारलंस. जाताना तू काय म्हणालीस ते मी विसरलेलो नाही. एप्रिलच्या घोड्यांच्या शोमध्ये टिल्डा रिंगणात उतरली तर घोडे ठेवायचे, नाहीतर पाचही शेजारच्या हौगेनबाईंना विकून टाकायचे आणि मी पुन्हा चीजच्या कारखान्यात जायचं. तर उंचीकडे माझं पूर्ण लक्ष आहे.

तुझा भाचा,
लायल


वेस्टबी
१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या पत्रात 'किती इंच?' याच्याखाली तू तीन रेघा ओढल्या आहेस. तिसऱ्या रेघेला कागद फाटलाय. त्याकडे येतोच.

चर्चमधलं माशाचं जेवण यंदाही झालं. तू नव्हतीस म्हणून बटाटे जास्त शिजले, असं सगळ्या बायकांचं मत पडलं. ऑगी घोड्याने तबेल्याच्या दाराची कडी तोंडाने उघडायला शिकून घेतलं आहे. मी आता तिला तार बांधतो. तो तारेचा अभ्यास करतोय.

सव्वाचौतीस.

आत्या, खुर्चीत बसून पुढचं वाच. तू गेलीस तेव्हा टिल्डा पावणेचौतीस होती, आणि चौतीसच्या वर रिंगणात घेत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. आधी मी स्वतःची समजूत घातली, वाढली असेल. पाच वर्षांची घोडी आठवड्यात अर्धा इंच वाढत नाही, पण माझ्या देखरेखीखाली काय होईल याचा मला भरवसा नसतो. मग मोजायची काठी खोटी असेल म्हणून दाण्याच्या दुकानातून दुसरी आणून दोन्ही शेजारी धरल्या. जमीन सपाट आहे का ते बाबांच्या पाणसळीने तपासलं. मग खुरं वाढली असतील म्हणून गुंडरकाकांना बोलावून तासून घेतली. पंधरा दिवसांत पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा ते आले, टिल्डाचा पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाले, "पोरा, आता आणखी तासलं तर ही गुडघ्यांवर चालेल."

मग त्यांनी हातमोजा काढला, झुलीखाली हात घालून पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "लायल, शेवटचा केस कुठाय?"

तुला हे माहीत आहे, पण मला धीर यावा म्हणून पहिल्यापासून लिहितो. आपल्या या छोट्या घोड्यांची उंची खांद्याच्या उंचवट्यावर मोजत नाहीत. आयाळीचा शेवटचा केस जिथे उगवतो तिथे मोजतात. टिल्डाची आयाळ उंचवटा ओलांडून मागच्या उतारावर दोन बोटं खाली जायची. म्हणून तर ती पावणेचौतीस भरायची.

ते दहा-बारा केस होते. रांग सोडून उगवलेले, विरळ, एक डावीकडे तर एक उजवीकडे. मी तीन दिवस त्यांच्याकडे बघत होतो. फोटोच्या दिवशी मला राहवलं नाही. यंत्र लावलं आणि अगदी कातडीपर्यंत साफ केले. फार सुबक झालं होतं, आत्या. आता तिची आयाळ बरोबर उंचवट्याच्या माथ्यावर संपते, त्यामुळे काठीही तिथेच टेकते. फोटोसाठी झूल काढली नव्हती ती थंडीमुळे नाही.

गुंडरकाका बादलीवर बसून इतके हसले की ऑगी घाबरला. मग म्हणाले, काही लोक खोटे केस डिंकाने चिकटवतात, तसं करून देणारी एक बाई त्यांच्या ओळखीची आहे. मी नको म्हटलं. खोटे केस लावून मला टिल्डाच्या तोंडाकडे बघता येणार नाही.

शोला छप्पन्न दिवस आहेत. रोज सकाळी भिंगातून बघतो. आहेत. पण कातडीपासून जेमतेम वर आलेत.

तुला जे बोलायचं असेल ते लिही. मी उभा राहून वाचीन.

लायल


वेस्टबी
१७ एप्रिल

प्रिय आत्या,

मार्चात तुझं कार्ड आलं. पुढे निवडुंगाचं चित्र आणि मागे 'वाढू दे' एवढंच. तू चिडली आहेस की नाही हे मला त्या निवडुंगावरून ठरवता आलं नाही.

काल शो झाला. आदल्या दिवशी टिल्डाचं सगळं अंग भादरायचं होतं. यंत्र पुन्हा त्या केसांवर जाऊ नये म्हणून मी त्यांच्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. अंग छान झालं. मग लक्षात आलं की पट्टी ओढली तर तीन महिन्यांचे केस तिच्यासोबत येतील. दोन तास खाण्याचं तेल लावत बसलो. तीन केस गेले. बाकीचे राहिले, ब्रशसारखे ताठ.

मोजणारे गृहस्थ जाड चष्म्याचे होते. ते वाकले, बोट फिरवलं आणि थांबले.

"हे आयाळीचे की अंगावरचे?"

"आयाळीचे. जानेवारीत मीच कापले होते."

"का?"

"बरे दिसत नव्हते."

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "अरे, इकडे ये. हा पोरगा घोडी उंच करून आलाय. तीस वर्षं सगळे उलटंच करतात."

दोघांनी मिळून पाहिलं. मी श्वास धरून ठेवला, जणू त्याने टिल्डा उंचीत बसणार होती. पावणेचौतीस.

रिंगणात ती सहांत चौथी आली. माझ्याबरोबर चक्क पळाली. परीक्षकांनी तिच्या आयाळीबद्दल काही म्हटलं नाही, माझ्या टायबद्दल म्हटलं.

आता उरलेलं लिहितो. गाडीपाशी हौगेनबाई आल्या. म्हणाल्या, मंगळवारी ट्रक पाठवते, पाचही तयार ठेव. मी त्यांना सांगितलं, ती उंचीत बसली, रिंगणात उतरली, ठरलं तसं झालं. त्या म्हणाल्या, "उंचीचं काय घेऊन बसलास, लायल? आर्डिसने तिकडे घर घेतलंय, ती आता परत येत नाही. घोडे घेऊन जा म्हणून तिने मला मार्चमध्येच कळवलं."

म्हणजे 'वाढू दे' लिहिलंस त्याच महिन्यात.

मी त्यांना म्हटलं, "घोडे विकायचे नाहीत."

"हे आर्डिसने सांगितलं?"

"नाही. मी सांगतोय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो असतो, पण टिल्डाने त्यांच्या हातमोज्याचं बोट तोंडात धरलं होतं, ते सोडवावं लागलं.

आत्या, मी केस कापले आणि दोन पत्रं लागली तुला सांगायला. तू तिकडे घर घेतलंस आणि एक निवडुंग पाठवलास. आपण एकाच घराण्यातले आहोत हे दिसतं. गुडघे बरे आहेत तर तू तिथेच राहा, खरंच राहा. मला राग आलेला नाही. थोडा आला होता, तो तबेला झाडताना गेला.

पण घोडे कुठे जाणार नाहीत. मंगळवारी ट्रक आला तर मी फाटक उघडणार नाही, आणि ऑगीलाही उघडू देणार नाही. हे पत्र उद्या टपालात टाकीन. तुला ते गुरुवारी मिळेल. मी दोनदा मोजून पाहिलं, गुरुवारच येतो.

तुझ्या परवानगीसाठी न थांबलेला,
तुझा भाचा
लायल