मान ठेवायची जागा

लीड्स, इंग्लंड
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आत्यास,
चैतालीचा सप्रेम जय भीम. वि. वि. मी इथं खुशाल आहे. तुमची आणि बाबूमामांची खुशाली कळवावी. तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर नुसता माझा आरडाओरडा होतो, शेजारणी दार वाजवतात. त्यापेक्षा कागद बरा.

आत्या, लपवत नाही, माझी नर्सची नोकरी धोक्यात आहे. वॉर्डात सगळे म्हातारे रुग्ण. आजोबांच्या वयाच्या माणसाला ‘यू’ म्हणायला जीभच उचलत नाही. लहान-थोर सगळ्यांना इथं तोच एक शब्द. मला वाटतं, आपण अरे-तुरे करतोय. नाव घेऊन हाक मारणं तर त्याहून अवघड! म्हणून मी सगळ्यांनाच आजोबा म्हणते आणि वाक्य असं फिरवते की ‘यू’ यायलाच नको.

परवा डॉक्टरांना सांगितलं, आजोबांच्या छातीत दुखतंय. शेजारी शेजारी सगळे आजोबाच! डॉक्टर भलत्याच खाटेकडं धावले. नशीब, कुणाला काही झालं नाही. पण वॉर्डच्या मोठ्या बाईंनी बजावलंय की जानेवारीत पुन्हा बघू, नीट बोलता आलं नाही तर घरी जायचं. त्यांना वाटतं मला इंग्रजी येत नाही. येतं हो, धाडस होत नाही.

मामांना जय भीम सांगा. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.
तुमची,
चैताली

माकणी, ता. लोहारा
१ डिसेंबर २०२४

चि. चैताली हीस,
आत्याचा जय भीम आन् पोटभर आशीर्वाद. पत्र पोचलं. मामा बरे हायत, गुडघे तेवढे कुरकुरतेत. तेरणा धरणाचं पाणी औंदा चांगलं हाय, हरभरा जोमात हाय.

नोकरी गेली तर जाऊ दे, पोरी. माय गेल्यावर तुला म्या वाढवली, आताबी दोन भाकरी जड न्हाय व्हायच्या. पर भिऊन येऊ नको.

तुझं वाचून म्या दोन दिवस इचारच करत बसले. कलेक्टरला बी ‘यू’ आन् शेळ्या राखणाऱ्याला बी ‘यू’? खरं सांगतीस? अगं, ह्या गावात शेंबडं पोरगं बी मला ए जाई म्हणायचं. एकदा लोहाऱ्याच्या स्टँडवर नवा कंडक्टर मला म्हणला, मावशी, तुम्ही बसा. म्या मागं वळून बघितलं, माझ्यामागं कोण आलंय म्हणून! आन् तिकडं असा एक आख्खा मुलूखच हाय, जिथं कुणी कुणाला खालच्या शब्दानं बोलवतच न्हाय? मला तर नवल सोसंना. मामांना उठवून सांगितलं.

आता माझं अडाणी बाईचं ऐक. मान जिभंवर ठेवायला तिथं जागा नसंल, तर हातात ठेव. आधी म्हाताऱ्याचा हात धर, मग काय म्हणायचं ते म्हण. ‘यू’च्या मागंपुढं तिथं काय लावत्यात, ते बी कळव. आपण म्हणतो तुमच्यासाठी, तुमच्याजवळ. त्यांचं कसं?

थंडी लई असंल, कान बांधून फिर. माया हाय ती हायच.
तुझी आत्या,
जाईबाई

लीड्स
१९ जानेवारी २०२५

आदरणीय आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि. तुम्ही विचारलंत त्याचं आधी सांगते, कारण मीही कधी असं बघितलं नव्हतं. आपण आधी माणूस सांगतो, मग जवळ. हे आधी जवळ सांगतात, मग माणूस. ‘विथ यू’, म्हणजे सोबत आधी. आणि गंमत बघा. एकटा असला की माणूस स्वतःला ‘आय’ म्हणतो, पण ‘विथ’ पुढं आला की त्याचा ‘मी’ होतो, ‘विथ मी’. आपलाच मी! आपल्याकडं सोबत लागलं की मीचं माझ्या होतं, तसंच. एवढ्या लांबची माणसं, आणि कुणाच्या सोबतीला आली की तीही बदलतात.

परीक्षेच्या दिवशी वॉल्टर नावाचे आजोबा, जुने बसड्रायव्हर, सुई टोचून घेईनात. भिंतीकडं तोंड करून पडलेले. मोठ्या बाई माझ्यामागं उभ्या. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, वॉल्टर, आय ॲम विथ यू. नाव घेतलं आत्या! त्यांनी वळून बघितलं आणि दंड पुढं केला.

मी पास झाले. दुसऱ्या दिवशी वॉल्टरनी विचारलं, हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात? मी सांगितलं की आमच्याकडं ‘यू’ दोन आहेत, एक बरोबरीच्यांना नि लहानांना, एक मोठ्यांना. त्यांनी थोडा विचार करून मोठ्यांचा मागितला. आता रोज सकाळी मी आले की ते मला म्हणतात, तुमच्यासोबत. ‘च्या’ म्हणताना कवळी हलते. ऐंशी ओलांडलेला माणूस! मी नातीच्या वयाची आहे म्हटलं, तर म्हणाले, रात्रंदिवस तुमच्या हवाली असतो, लहान तर मीच. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता बाई मला कायम करायला निघाल्यात. पण तुमचे कान, मामांचे गुडघे, आणि मी इथं. तुम्ही ये म्हणालात तर पत्र मिळताच निघते. तुम्ही सांगाल तेच करीन.

मायेची छाया असू द्यावी.
तुमची,
चैताली

माकणी
१० फेब्रुवारी २०२५

चि. चैताली हीस,
जय भीम. तुझं पत्र म्या मोठ्यानं वाचलं. मला ऐकू आलं न्हाय, पर मामांनी ऐकलं आन् डोळे पुसले.

खोटं कशाला बोलू? तू इथं असावीस असं लई वाटतं. चुलीपाशी बसले की जास्तच वाटतं. पर त्या म्हातारबाचं सारखं मनात येतं. सकाळी त्यांनी ‘तुमच्यासोबत’ म्हणावं आन् समोर दुसरीच कुणी उभी असावी. तिला काय कळंल? ते बिचारे कुणाशी बोलतील? न्हाय. तू तिथंच ऱ्हा. आमचं आमी बघतो, मामा अजून लाकडं फोडतेत.

त्यांनी मान दिला, मग म्या का मागं ऱ्हावं? वाढवली म्हणून काय झालं. आज एकदा म्या बी म्हणून बघते, हसायचं न्हाय.

चैतालीताई, तुम्ही जेवत जावा. तुम्ही जपून ऱ्हावा. आमच्यावर लोभ असू द्यावा.
तुमची आत्या,
जाईबाई