हललेले फोटो

रविवार, ता. ९, दुपार

माझ्या लाडक्या मुंगीस,

आजीनं दोन्ही गालांवरून हात फिरवला असं समज. मी बरी आहे, गुडघा आपल्या जागी कुरकुरतोय. मामा बरा, मामी बरी. शेजारची शिंपीण तुझी चौकशी करत होती. तिनं नवं मशीन घेतलंय, इतकं खडखडतं की आमच्या कपाटातली भांडी नाचतात. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर मामा कानाशी उभा असतो. आणि माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

तर बातमी अशी, की तुझी आजी फोटो काढायला शिकतेय! मोबाइलवर नाही हं, खराखुरा कॅमेरा, गळ्यात पट्टा घालून. मामा म्हणाला, "आई, दिवसभर भिंतीकडे बघत बसतेस, त्यापेक्षा जा." वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग भरतो, सगळी माझ्याच वयाची. एक रिटायर झालेले कंडक्टर आहेत. पहिल्या दिवशी झाकण न काढताच फोटो काढत होते, वर "मला आंधळा कॅमेरा दिलाय" म्हणून भांडत होते. हसून हसून माझी कवळी निघायची वेळ आली.

शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "आजी, बटण एकदम दाबायचं नाही. अर्धं दाबायचं, थांबायचं, त्याला बघू द्यायचं. टिक् वाजलं की मग पूर्ण." काय मजा येते गं! कपबशी, चपला, मामाचं टक्कल, सगळ्यांना मी टिक् केलंय.

जेवते, हसते, झोपही लागते. फक्त मिठाची चव कळत नाही. भाजी खारट झाली होती हे मामीनं सांगितलं की कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. डोळे कोरडे पडलेत म्हणाले, थेंब दिलेत. थेंब गालावर ओघळले की मामी घाबरते, "आई, रडताय?" मी म्हणते, "नाही गं, औषध आहे." आणि खरंच औषधच असतं.

आता मागच्या खोलीचं सांगते. तुझी आई गेली, तू होस्टेलला गेलीस, मग मामीनं खोली आवरली, भिंतींना पांढरा रंग दिला. मामाला ती भाड्यानं द्यायचीय. वाईट नाही गं तो. मुंगी तर फिरकतच नाही, खोली रिकामी किती दिवस ठेवायची, म्हणतो. त्याचंही बरोबर. मला म्हणाला, "आई, शिकतेच आहेस तर खोलीचे चांगले फोटो काढ, जाहिरातीत टाकतो."

मी गेले. पांढरी भिंत, पलंगावर पांढरी चादर. अर्धं बटण दाबलं. कॅमेरा नुसता घुर्र घुर्र करत पुढे जातो, मागे येतो, टिक् काही वाजेना. बिघडला म्हणून बाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, "बिघडला नाही आजी. नुसत्या पांढऱ्यावर त्याला धरायला काही सापडत नाही. एखादी रेघ द्या, रंग द्या."

मग मी तुझ्या आईची निळी चौकड्यांची शाल काढली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली. लगेच टिक्! इतका सुरेख आला मुंगे, शालीचा दोरा न् दोरा दिसतोय. मी किती तरी वेळ बघत बसले. वाटलं, आता मला काहीतरी होईल. काही झालं नाही. उठून कुकर लावला.

मामाला मात्र तो दाखवला नाही. त्याच्यासाठी मुद्दाम हात हलवून वेगळे काढले. बघून म्हणाला, "अगं आई, खोलीत भूकंप झालाय का?" म्हटलं, "हलले रे. अजून मला नीट येत नाही." मोबाइलवर काढतो म्हणाला, तर मी रुसून बसले, "मग मला शिकायला पाठवलंस कशाला?" तेव्हापासून तो दर आठवड्याला विचारतो आणि मी दर आठवड्याला हललेले फोटो देते.

पण महिनाअखेर आमच्या वर्गाचं प्रदर्शन आहे. बाईंनी माझा शालीचा फोटो निवडलाय, मोठा करून अगदी दारासमोर लावणार म्हणतात. कंडक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही तर आम्हाला पार मागं टाकलंत!" मामा-मामी बघायला येणार. म्हणजे मला येतं हे त्याला कळणार, आणि खोली जाणार.

मी जन्मात कशात पहिली आले नव्हते गं. तरी बाईंना अजून होकार दिलेला नाही. तू येणार असशील, अगदी दोन दिवसांसाठी का होईना, तर मी त्यांना नाही म्हणते आणि जमेल तितके दिवस हात हलवत राहते. येणार नसशील तर तसं सरळ लिही, मी रागावणार नाही. फोटो भिंतीवर लागू दे, खोलीत कुणीतरी राहू दे. पण हो किंवा नाही, एक काहीतरी लिही.

तुझं उत्तर येईपर्यंत वर्गातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी,
तुझी आजी