वहीच्या कडेची कानडी

जहाजावरून, ९ नोव्हेंबर १९३४

सौ. सावित्रम्मा अक्कास,
संगप्पाचे शरणार्थ. तब्येत ठणठणीत आहे, जेवण पोटभर मिळतं. होटगीला थंडी पडली का? अव्वाचा खोकला कसा आहे?

इथं आम्ही खोल पाण्यातले जेलीफिश धरतो. छत्रीसारखा, बिनहाडांचा, तांबडा जीव. त्याला उजेड सोसत नाही. ऊन कडक असलं की तीनशे वाव खाली जातो, आभाळ भरलं की शंभरावर येतो. हे मी वर्षभर जाळं सोडून टिपलं. खोली आकड्यांत, आणि कडेला 'बिसिलु' की 'मोड', म्हणजे ऊन की ढग, ते तू शिकवलेल्या कानडीत.

आमच्या वरचे अधिकारी पारखी म्हणून आहेत, त्यांनी ती वही चोरून उतरवून घेतली आणि जहाजावरच्या मोठ्या साहेबाला स्वतःची म्हणून दाखवली. कडेची कानडी त्यांना भजन वाटली, ती सोडली. तीनशेचा आकडा जास्त वेळा दिसला, तोच धरला.

गेल्या आठवड्यात साहेबाचे पाहुणे तो जीव बघायला आले. आभाळ गच्च भरलेलं. पारखी म्हणाले, तीनशे वाव सोड. मी मुकाट सोडलं. आमचं जाळं ठरल्या खोलीवरच उघडतं. दोनदा रिकामं आलं. पारखींचं तोंड बघून जीव लई थंड झाला, अक्का. रागावू नकोस.

आता कडेच्या त्या अक्षरांचा अर्थ सांग म्हणून रोज मागं लागलेत, नाहीतर नोकरी घालवीन म्हणतात. मी म्हटलं, अक्षरं अक्काची आहेत, तिला विचारून सांगतो.

नको म्हणून लिही. आणि सावकाश लिही.

तुझा धाकटा,
संगप्पा