दोघांचा एकत्र फोटो

तात्या,

तुमच्या नातीचा व्हिसा आला. अंगाची हळद उतरायच्या आत आला म्हणा ना. आता पुढच्या आठवड्यात ती नवऱ्याकडे इंग्लंडला जाईल. माझा भाऊ पक्का तुमच्यावर गेलेला, त्यामुळे लेकीची बॅग भरायच्या आधी त्यानं फ्लेक्सची ऑर्डर दिली. काटेवाडीच्या स्टँडसमोर लागणार आहे. मध्ये नवरा-नवरी, खाली नातेवाइकांच्या मुंडक्यांची रांग, आणि वरच्या कोपऱ्यात आशीर्वाद द्यायला तुम्ही. "तात्यांचा एखादा चांगला फोटू तेवढा काढून दे," असं तो मला म्हणाला. मला हसू आलं. तुमचे सगळे चांगले फोटो माझ्या लग्नातले आहेत, आणि माझ्या लग्नातल्या सगळ्या फोटोंमध्ये तुम्हीच आहात.

तो अल्बम मी काल कितीतरी वर्षांनी उघडला. बारामतीचं ते मोठं कार्यालय, तुमच्या डोक्यावर भगवा फेटा, हातात माईक. आम्ही दोघं अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे हार घेऊन ताटकळतोय आणि तुम्ही साखर कारखान्याच्या संचालकांना फेटे बांधताय, चेअरमनला शाल देताय, कुणीतरी बोलायला उठलंय. मुहूर्त कधीच टळून गेला. गुरुजी तुमच्याकडे बघतात, तुम्ही हातानंच थांबा म्हणता. मग स्टेजवरचे फोटो. पाहुणा आला की तुम्ही आमच्या मध्ये येऊन उभे. एका फोटोत तुमचा हात माझ्या खांद्यावर आहे. बघणाऱ्याला वाटेल, बाप लेकीला जवळ घेतोय. पण त्या हाताचा जोर मला अजून आठवतो. "सरक की जराशी, सायबांना जागा दे," असं तुम्ही दात न उघडता म्हणाला होता. मी सरकले. माझ्याच लग्नात मी स्टेजच्या कडेला गेले, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, इतकी तुम्ही मला सरकायची सवय लावलेली होती.

नवरा निमगाव केतकीचा. घरचा पानमळा, हा मात्र शिकून इंग्लंडला नोकरीला लागलेला. परदेशी जावई म्हणून तुम्ही त्याला तळहातावर झेललंत. त्याची रजा थोडी, आणि त्या रजेत सत्यनारायण, जागरण-गोंधळ, देवदेव, मांडवपरतणी, ज्याच्या त्याच्या घरी जेवणं. आम्ही दोघं धड बोललो ते जेजुरीला. नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या असतात, तसं त्यानं मला उचललं. अंगानं तो किडकिडीत, मी तुमच्या घरचं दूध प्यायलेली. दोन पायऱ्यांत त्याला धाप लागली आणि तो माझ्या कानात म्हणाला, "आता खाली ठेवलं तर देव रागवंल का गं?" मी तोंड उघडून हसले. माझी मान मागं पडलीय, त्याच्या नाकाला भंडारा लागलाय, आणि तेवढ्यात भावानं त्याच्या नव्या मोबाईलवर फोटो काढला. माझ्या सगळ्या लग्नातला तो एकच फोटो, ज्यात फक्त आम्ही दोघं होतो.

नवरा रजा संपवून परत गेला आणि माझ्या व्हिसाचं काम सुरू झालं. बारामतीत असली कामं करणाऱ्यानं सांगितलं, लग्न खरं आहे हे तिकडच्या लोकांना पटायला हवं, दोघांचे एकत्र फोटो द्या. स्टेजवरचे फोटो बघून तो म्हणाला, "हे सत्काराचे झाले, दोघांचेच असतील तर बघा." मी जेजुरीचा फोटो पुढं केला. भावानं त्याची कॉपी काढून आणली होती. तुम्ही तो हातात घेतलात आणि तुमचा चेहरा उतरला.

"ह्यो फोटू गोऱ्या सायबाला दावायचा? बाप्यानं बाई उचलल्याला? आन त्वांड बघ कसं वासलंय. घराण्याची काय लाज हाय का न्हाय?"

आई चुलीपाशी होती. तिनं तिथनंच म्हटलं, "अवो, नवराच हाय की तिचा. देवाच्या दारात उचललंय."

"तू भाकरी थाप," तुम्ही म्हणालात. आणि फोटो फाडलात. नुसता फाडला नाहीत, तुकडे चुलीत टाकायला आईच्याच हातात दिलेत. भावाला मोबाईल घेऊन समोर बसवलंत, त्यातला फोटो पुसायला लावलात, पुसला का म्हणून दोनदा विचारलंत. कामात तुम्ही चोख, हे मला मान्य आहे.

मग तुम्ही त्या फ्लेक्सवाल्याकडे गेलात. दरवर्षी तुमच्या वाढदिवसाला तोच फ्लेक्स करायचा, आणि ज्या पुढाऱ्यांनी तुम्हाला कधी ओळखही दिली नाही, त्यांच्या खांद्याला खांदा लावून तुम्हाला उभं करायचा. सगळा गाव ते बघायचा आणि सगळ्यांना माहीत असायचं. त्यात खोटं केलं असं इथं कुणालाच वाटत नाही, तुम्हाला कसं वाटणार? त्यानं माझ्या साखरपुड्याचा फोटो घेतला, नवऱ्याचा कोटातला घेतला, आणि दोघांना महाबळेश्वरच्या एका कड्यावर नेऊन ठेवलं. मागं दरी, धुकं. माझ्या डोक्यात गजरा, हातात ओटीचा नारळ. माझी सावली एकीकडे पडलेली, नवऱ्याला सावलीच नाही. तुम्ही तो फोटो लांब धरून, मान तिरपी करून बघितलात आणि म्हणालात, "ह्याला म्हनत्यात जोडा."

मुंबईला मुलाखतीला जाताना गाडीत तुम्ही मला पढवलंत. इचारलं तर सांगायचं, लगीन झाल्यावर महाबळेश्वरला गेलतो. मी म्हटलं, "तात्या, मग त्यांनापण फोन करून सांगायला पाहिजे." तुम्ही मागं वळून बघितलंत. "जावयाला असलं सांगायचं? काय किंमत ऱ्हाईल आपली त्यांच्यात?" तेवढ्यावर तो विषय संपला. मुलाखतीत त्यांनी नेमका तोच फोटो पुढं सरकवला. मी पढवलेलं म्हटलं. पुढं त्यांनी त्यालाही तिकडे फोन केला आणि विचारलं, आणि तो बिचारा खरं बोलला: आम्ही महाबळेश्वरला कधीच गेलो नाही.

व्हिसा नाकारला. खोटा पुरावा दिला म्हणून पुढची कित्येक वर्षं दारसुद्धा बंद. तात्या, लग्न खरं होतं. नवरा खरा होता, हळद खरी होती, जेजुरीच्या पायऱ्या खऱ्या होत्या. त्या सगळ्यात एकच गोष्ट खोटी होती, आणि ती तुम्ही हौसेनं करून आणली होती. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय का? तुम्ही म्हणालात, "फोटूत खांबागत उभी ऱ्हातीस, म्हनून वळाखलं त्यांनी." नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अहो, जेजुरीचा खरा फोटो होता की तुमच्याकडं." तुम्ही रेंज नाही म्हणून फोन ठेवलात.

आणि तोवर स्टँडसमोर माझा फ्लेक्स लागून गेला होता. परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन! गावभर पेढे वाटून झाले होते. फ्लेक्स उतरवणं तुम्हाला जमणारं नव्हतं, म्हणून तुम्ही मला उतरवलंत. मोरगावला, तुमच्या बहिणीकडं. पहाटेच्या एसटीनं, डोक्यावरून पदर घेऊन. गावात सांगितलंत, लेक इंग्लंडला पोचली, तिकडं लई थंडी हाय. माझं इंग्लंड म्हणजे आत्याचं कोरडवाहू रान, बाजरीची भाकरी आणि तिची शेरडं. आत्याची जीभ तुमच्यासारखीच. अंगणातनं हाक मारायची, "ए इंग्लंड, शेरडांना पानी दाव गं!" शेजारणी हसायच्या. तुम्ही गणपतीच्या दर्शनाला यायचात, देवापुढं डोळे मिटून लांबलचक उभे राहायचात, मग आत्याकडं चहाला. मी कप पुढं केला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. "वळखीचं कुनी भेटलं न्हाय न्हवं?" कशी आहेस, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. मी वाट बघायचे, एवढंच सांगते.

तिथंच असताना निमगावची माणसं आत्याकडं सोडचिठ्ठीचं बोलायला आली. त्यांचंही काय चुकलं? त्यांच्या पोरानं किती दिवस फोनवर संसार करायचा? मला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही, तुम्ही त्यांना जेवायला घालून मोकळे झालात. तुम्हाला दुःख झालं, ते मी बघितलं. पण ते जावई गेल्याचं होतं.

त्यानंतर लवकरच तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलात. निरोप आला, मी एसटी बदलून गावात आले, आणि दारातल्या गर्दीतनं मला रस्ता देत एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बापासाठी एवढ्या लांबनं आली बग पोरगी, इमानात बसून." मला रडू यायच्या ऐवजी हसू फुटलं. ते दाबायला मी पदर तोंडात कोंबला, आणि लोकांना वाटलं, पोरीला रडू आवरेना. खरं सांगते, त्या दिवशी मी रडलेच नाही. तुमच्या जाण्यानं माझं इंग्लंड संपलं, मी माझ्या घरात राहायला आले, आणि पहिल्या दिवशी मला पोटभर झोप लागली.

आता तुमच्या नातीचं ऐका. तिच्या व्हिसाच्या फायलीत सगळ्यात वर जेजुरीचा फोटो होता. नवऱ्यानं उचललंय, ही खिदळतेय, दोघांच्या तोंडावर भंडारा. तो तिथं लावला माझ्या भावानं, ज्याला तुम्ही समोर बसवून माझा फोटो पुसायला लावला होता, त्यानं. लावताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

तर काल अल्बम घेऊन मी फ्लेक्सवाल्याकडं गेले. तोच तो, फक्त केस पिकलेत. त्याला महाबळेश्वर आठवत नाही, इतक्या जणांना त्यानं तिकडं नेलंय. मी तुमचा स्टेजवरचा फोटो दिला, खांद्यावर हात असलेला, कारण त्यात तुम्ही खरंच रुबाबदार दिसता. त्यानं तो कॉम्प्युटरवर घेतला आणि आमच्या मधनं तुम्हाला अलगद उचलून कोपऱ्यात ठेवलं. मध्ये तुमच्या आकाराची पांढरी जागा उरली. मग सवयीनं, मी न सांगता, त्यानं माझ्या नवऱ्याला माझ्याकडं सरकवलं आणि ती जागा बुजवली. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा एकत्र फोटो! किती वेळ मी बघत राहिले कुणास ठाऊक. तो म्हणाला, "ताई, तुमच्या खांद्यावर ही बोटं राहिलीत. शालूच्या जरीत अडकली, नीट कापता आली न्हाईत. पुसू का?"

फ्लेक्स उद्या लागेल. त्यावर तुमचा हात बोटांच्या आधीच संपतो, पण ते कुणाच्या लक्षात येणार नाही. आमच्या दोघांचा फोटो मी त्याच्याकडून छापून घेतला. तो घरी आणलाय आणि हे पत्रही त्याच्याच मागं घडी करून ठेवणार आहे. तुम्हाला वाचून दाखवायचं म्हटलं तरी तुम्ही मध्येच सरक म्हणाल. फक्त एक कबूल करते. मी त्याला बोटं पुसू दिली नाहीत. सरकवायला का होईना, तुमचा हात माझ्या खांद्यावर तेवढाच एकदा आला होता.