विहीणबाईंची शिकवणी

४ सप्टेंबर
दुभाष्या म्हणून माझा मुलगा अगदीच बिनकामाचा! आज विहीणबाई सूप ढवळता ढवळता तावातावाने बोलत होत्या, हात नाचवून. मी विचारलं, काय म्हणतात? "काही नाही गं, हवा छान आहे म्हणतात." हवेवर कोणी इतकं चिडतं?
विहीणबाई म्हणजे सुनेची आई. पलीकडच्या गल्लीत केस कापायचं दुकान आहे त्यांचं. त्यांना फक्त इथली, या परक्या देशातली भाषा येते, मला मराठी आणि इंग्रजी. सून माझ्याशी इंग्रजीत बोलते, पण आईचा विषय काढला की नुसती हसते.

५ सप्टेंबर
मुलानं माझं परतीचं तिकीट काढलं म्हणे! सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि मी निघायचं? का, तर "आई, सासूबाईंना सगळं स्वतः करायचंय. त्यांना घरात दुसरं कोणी नकोय." नको तर तोंडावर सांगा की! मीही गप्प बसणारी नाही. पण ऐकवू कुठल्या भाषेत?

६ सप्टेंबर
ठरलं. विहीणबाईंना इंग्रजी शिकवणार. शाळेत हयातभर दगडांना बोलतं केलंय मी.

९ सप्टेंबर
स्वयंपाकघरात वर्ग भरला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टी उगारायच्या, मी लाटणं उगारलं. बाईंनी कात्री काढली. फिटंफाट! चमचा, कात्री, मुलगी, जावई. 'जावई' म्हणताना त्यांनी नाक मुरडलं. माझ्या पोटच्या पोराला! उच्चार मात्र स्वच्छ होता, शाबासकी द्यावीच लागली.

१५ सप्टेंबर
आजचा धडा – 'मला आवडत नाही'. हवापाण्याच्या गप्पा मी कधीच आधी शिकवत नाही. माणसाला पहिल्यांदा नाराजी सांगता आली पाहिजे. बाई खूश. खोलीभर बोट फिरवत सुटल्या. पडदे आवडत नाहीत. माझा चहा आवडत नाही. माझे केस तर मुळीच नाहीत. खुर्चीत बसवून मानेपर्यंत कापूनच टाकले! आरशात बघून ओरडायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. बरी दिसतेय की मी.

१६ सप्टेंबर
मुलगा सारखा विचारतोय, "तुम्ही दोघी बोलता तरी काय?" चेहरा उतरलेला. याला काय झालं?

२० सप्टेंबर
कळलं! आज मुद्दाम प्रश्न विचारायचा धडा घेतला. पहिला प्रश्न माझा ठरला होता, पण बाईंनीच आधी विचारला, शब्द जुळवत, थांबत थांबत: "मी रोज येते, ते तुम्हाला का आवडत नाही?"
मला? मी म्हटलं, कोण म्हणतं असं? म्हणाल्या, माझी मुलगी. सासूला घरात दुसरं कोणी नकोय, तू मावशीकडे जाऊन राहा म्हणते.
मी उठले आणि माझं तिकीट आणून त्यांच्यापुढे ठेवलं. कोणी काढलं, कोणाचं नाव सांगून, तेही सांगितलं. मग बाई अशा हसत सुटल्या की ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मीही. लबाड कुठले! मुलगा-सुनेला घर दोघांपुरतंच हवं होतं, आणि आयांना तसं सांगायची छाती नव्हती.

२१ सप्टेंबर
तिकीट रद्द. बॅग उचलून विहीणबाईंच्या दुकानावरच्या खोलीत राहायला आले. मुलगा दारात रडवेला, "आई, तसं नव्हतं गं." म्हटलं, "तसंच होतं, आणि त्यात वावगं काही नाही. बाळ आलं की बोलवा. दोघींना एकदम."
आता खाली जाते. बाईंनी तीन गिऱ्हाइकं केस कापून झाल्यावरही बसवून ठेवली आहेत. त्यांनाही इंग्रजी शिकायचंय, नाराजीपासूनच सुरुवात करायची आहे म्हणे.